पत्र्याच्या डब्यातल्या डबलडेकर

२० ऑक्टोबर २०२४, रविवार. दिवाळीची साफसफाई करायला मी पुण्याहून सांगलीला आईकडे गेले होते. माळ्यावरची भांडी खाली काढताना मागून बिस्किटांचा एक चौकोनी पत्र्याचा डबा निघाला. झाकण गंजून बसलं होतं. उलथन्यानं उचकटलं तर आत बटरपेपरच्या पाकिटांत निगेटिव्हच्या पट्ट्या. पाकिटांवर बाबांच्या अक्षरात तीनच शब्द: 'मुंबई, दिवाळी सुट्टी'. साल नाही.

आमचं घर गावभागात. ऑगस्ट २०१९ च्या पुरात आयर्विन पुलापाशी कृष्णेनं ५७ फूट ओलांडले, तेव्हा खालच्या मजल्यावरचं कपाट चार दिवस पाण्यात उभं होतं. त्यातले तिन्ही अल्बम गेले. फोटो एकमेकांना चिकटून त्यांच्या विटा झाल्या होत्या. आईनं त्या विटा कित्येक महिने गच्चीवर वाळत ठेवल्या होत्या, टाकवत नव्हत्या. त्यामुळे हा डबा हातात आल्यावर आम्ही दोघी जमिनीवरच बसलो आणि पट्ट्या खिडकीकडे धरून बघत राहिलो. अर्ध्याहून अधिक चौकटींत बस होती.

बाबा एसटीच्या विभागीय कार्यशाळेत फिटर होते. २०११ साली गेले. परगावी गेलं की त्यांना देवळाआधी तिथली शहर बस बघायची असायची. आई म्हणायची, "पोरांचे फोटो काढा की," आणि ते म्हणायचे, "काढतो, ही एवढी जाऊ दे." मुंबईच्या त्या एका सहलीसाठी त्यांनी कार्यशाळेतल्या मित्राचा याशिका कॅमेरा मागून आणला होता. एसटीच्या पासावर रातराणीनं गेलो होतो, पहाटे मुंबई सेंट्रलला उतरलो होतो, एवढं मला आठवतं. मी दहा वर्षांची होते, भाऊ पाच वर्षांचा.

या डब्यापासून ते फोटो नीट ओळखून, नावानिशी लावून ठेवण्यापर्यंत मला सहा महिने लागले. मधे दोनदा सोडून द्यावंसं वाटलं. असे डबे पुष्कळ घरांत असणार, म्हणून सगळं क्रमानं लिहिते.

पहिली चूक घाईची. पुण्यात परतल्यावर लगेच एका स्टुडिओत १२ पट्ट्या दिल्या. एकूण ७२ चौकटी, चौकटीला २० रुपये, म्हणजे १,४४० रुपये. "आठ दिवसांत या" म्हणाले, लागले पाच आठवडे. पेनड्राइव्हवर मिळालेल्या फाइली इतक्या लहान होत्या की बसचा नंबर मोठा करून बघायला गेलं की ठिपके दिसायचे. फिल्मची कड कापलेली. एका पट्टीवर नवा ओरखडा. आणि नऊ फोटो चक्क उलटे, बसचा दरवाजा उजवीकडे आणि पाटीवरचं देवनागरी आरशात बघितल्यासारखं. मी तिथे काही बोलले नाही, पैसे दिले आणि निगेटिव्ह मोजून परत घेतल्या. घरी आल्यावर मात्र रडू आलं. पुरातून वाचलेली वस्तू आपण होऊन दुसऱ्याच्या हातात दिली आणि तिला ओरखडा पडला, हे फार लागलं.

कुठेही देणार असाल तर आधी दोनच चौकटी देऊन बघा, किती पिक्सेलचं स्कॅन देणार ते लिहून घ्या आणि 'कड कापू नका' असं स्पष्ट सांगा. कडेचं महत्त्व पुढे येईलच.

डिसेंबरात ठरवलं की घरीच करायचं. भाचीचा डिजिटल कॅमेरा घेतला. अगदी जवळून बारीक गोष्टी टिपणारी मॅक्रो लेन्स भाड्यानं आणली, दिवसाला ६०० रुपये, अनामत वेगळी. चित्रं गिरवण्यासाठी मुलं वापरतात तो एलईडीचा पांढरा पॅड ९०० रुपयांना मिळाला. सुती पांढरे हातमोजे, हवेचा रबरी फुगा, सिलिका जेलच्या पुड्या हे सगळं मिळून आणखी चारशेच्या आसपास. कॅमेरा स्टँडला उलटा टांगून खालच्या पॅडकडे तोंड करून लावायचा. तो अगदी सरळ आहे का हे कळायला पॅडवर छोटा आरसा ठेवायचा. लेन्सचं प्रतिबिंब बरोबर मधोमध दिसलं की कॅमेरा समपातळीत आहे. ही युक्ती कळेपर्यंत माझ्या पहिल्या दोन पट्ट्यांची एक बाजू धूसर आली होती.

पावसाळी गावातल्या निगेटिव्हवर बुरशी असतेच. आमच्या पट्ट्यांवर कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक रेषा होत्या. आई ओलं फडकं घेऊन आली होती, तिचा हात धरला. बुरशी फिल्मवरचं जिलेटिन खाते आणि ते मऊ करून ठेवते. पाणी लागलं की चित्रच विरघळून निघू शकतं. मी आधी फुग्यानं हवा मारली, मग शुद्ध आयसोप्रोपिल अल्कोहोलचा अगदी हलका बोळा मागच्या चकचकीत बाजूनं फिरवला. चित्राच्या मंद बाजूला हातच लावला नाही. तिथे जाळी राहिली तर राहिली. पट्टीला व्हिनेगरसारखा आंबूस वास येत असेल तर तिचा प्लास्टिकचा पायाच खराब होतोय असं समजा. ती आधी स्कॅन करा आणि बाकीच्यांपासून लांब ठेवा. आमच्या एका पट्टीला तो वास होता.

सुलटं-उलटं ओळखायची खूण फिल्मवरच असते. कडेवरची अक्षरं सरळ वाचता येत असतील तर चकचकीत बाजू तुमच्याकडे आहे आणि चित्र सुलटं आहे. एका रोलच्या कडेवर 'ओरवो एनपी २२' असं होतं. पूर्व जर्मनीची ही कृष्णधवल फिल्म तेव्हा आपल्याकडे बरीच वापरली जायची. दुसरा रोल रंगीत. रंगीत निगेटिव्हवर नारिंगी झाक असते, त्यामुळे रंग नुसते उलटे केले की सगळं निळसर येतं. डार्कटेबल या मोफत सॉफ्टवेअरमध्ये यासाठी वेगळी सोय आहे. रिकाम्या कडेवरून ती झाक मोजून घ्यायची की पुढचं बरंचसं सोपं होतं. फोटो रॉ स्वरूपात, म्हणजे कॅमेऱ्यानं टिपलेली सगळी माहिती जशीच्या तशी ठेवून काढले, आयएसओ १००, अ‍ॅपर्चर ८. रोज बँकेतून आल्यावर दोन पट्ट्या, असं आठवडाभर चाललं. लेन्सचं भाडंच ४,२०० रुपये झालं. सगळी तयारी करून शनिवार-रविवारीच लेन्स आणली असती तर १,२०० मध्ये भागलं असतं.

रंगीत रोलमधली पहिली डबलडेकर पडद्यावर सुलटी झाली, त्या क्षणाबद्दल थोडं लिहिते. निळसर-तपकिरी गोंधळातून आधी आकाश आलं, मग झाड, आणि मग तो लाल रंग. वरच्या मजल्यावरच्या सगळ्यांत पुढच्या खिडकीत एक मुलगा कोपर बाहेर काढून बसला होता. कंडक्टर खालच्या पायरीवर दांडा धरून उभा, कमरेशी तिकिटांचा पत्र्याचा डबा. समोरच्या पाटीवर मराठी आकडा, बाजूच्या पाटीवर इंग्रजी. बाबांनी बस पूर्ण चौकटीत घेतली होती, पुढचं चाक ते मागचा जिना, काहीही कापलं नव्हतं. फिटरनं काढलेला फोटो आहे हे बघताक्षणी कळत होतं.

आता साल. आई म्हणायची १९८६, भाऊ म्हणायचा १९९०. मी बसच्या नंबरप्लेटपासून सुरुवात केली. वाचता येणाऱ्या ११ प्लेट होत्या, सगळ्या जुन्या तीन अक्षरी मालिकेतल्या. 'एमएच ०१' अशी पद्धत १९८९ नंतरची. जुन्या प्लेट त्यानंतरही वर्षानुवर्षं रस्त्यावर होत्या, त्यामुळे एवढ्यावर ठामपणे काही म्हणता येत नाही, पण अकराच्या अकरा जुन्या म्हणजे १९९० ची शक्यता कमीच. खरा पुरावा रंगीत रोलच्या नवव्या चौकटीत निघाला. बसच्या मागे भिंतीवर रिलायन्स कपची जाहिरात होती. ती विश्वचषक स्पर्धा ८ ऑक्टोबर ते ८ नोव्हेंबर १९८७ या काळात झाली, भारताचा उपांत्य सामना वानखेडेवरच ५ नोव्हेंबरला होता. दिवाळीची सुट्टी आणि रिलायन्स कप, दोन्ही जुळलं. आईनं हे मान्य करायला एक दिवस घेतला.

फोटो कुठले हे मात्र मला एकटीला कळणं शक्यच नव्हतं. २२ डिसेंबरला डोंबिवलीला मामाकडे गेले. मामा बेस्टमध्ये कंडक्टर होता, आता ८२ वर्षांचा आहे. मोबाइलवर दाखवायला गेले तर म्हणाला, "ते नको, डोळे दुखतात." बरं झालं, मी ३० फोटो मोठ्या कागदावर छापून नेले होते, प्रत्येकी १५ रुपये. म्हाताऱ्या माणसाकडे फोटो ओळखायला जाताना छापूनच न्या. आणि मोबाइल बोलणं टिपायला बाजूला सुरू ठेवा, कारण लिहून घेताना पुढचं वाक्य सुटतं.

मामानं पहिले पाच मिनिट काहीच सांगितलं नाही. एक फोटो हातात धरून नुसता बघत होता. मग अंगठ्यानं हवेत दोनदा दाबल्यासारखं केलं आणि म्हणाला, "एक घंटी थांब, दोन घंट्या चल. डबलडेकरला आम्ही दोघं कंडक्टर. खालच्यानं घंटी द्यायची, पण वरच्याचं बघून. जिन्यात माणूस असला तर द्यायची नाही." त्यानंतर दोन तास बोलत होता. दादरचे फोटो त्यानं लगेच ओळखले, खोदादाद सर्कल. तो अजून 'दादर टीटी'च म्हणतो. टीटी म्हणजे ट्राम टर्मिनस. मुंबईची शेवटची ट्राम ३१ मार्च १९६४ च्या रात्री बोरीबंदरहून दादरलाच आली होती, आणि ती बघायला मामा त्याच्या वडिलांच्या खांद्याला धरून उभा होता. ही गोष्ट आमच्या घरात कुणालाच माहीत नव्हती. मामीलाही नाही.

मग कृष्णधवल रोल काढला. मी फोटो कडेवरच्या आकड्यांप्रमाणे लावले होते. अल्बममध्ये आईनं ते आपल्या आवडीप्रमाणे लावले असणार, पण फिल्मची कड १ ते ३६ असा खरा क्रम सांगते. तेरावी चौकट: गेटवे ऑफ इंडियासमोर आई, मी आणि भाऊ. भावाच्या हातात फुगा. बाविसावी चौकट: तीच जागा, भाऊ आईच्या मांडीवर झोपलेला, फुगा नाही. मधल्या आठही चौकटींत बस.

हे बघून मी थांबलेच, कारण त्या दुपारची गोष्ट आमच्याकडे दर दिवाळीला सांगितली जाते. एलिफंटाच्या लाँचची चौकशी करून येतो म्हणून बाबा गेले आणि दोन तासांनी परत आले. रस्ता चुकलो म्हणाले. तोवर शेवटची लाँच गेली होती. आई तीन दिवस बोलली नव्हती. 'मुंबईत हरवलेले बाबा' हा आमच्या घरातला कायमचा विषय होता.

मामानं चौदावा फोटो बघितला. "हे रीगल टॉकीज." मग पंधरा, सोळा, सतरा एकापाठोपाठ एक टेबलावर ठेवले. "आणि हे इलेक्ट्रिक हाउसचं स्टँड. गेटवेपासून चालत दहा मिनिटं पण नाही." एकोणिसाव्या फोटोवर बोट ठेवलं. चौकट तिरकी आली होती, कॅमेरा कुणाच्या तरी गळ्यात लोंबकळताना काढल्यासारखी. डबलडेकरच्या इंजिनावरचं झाकण उघडं, एक खाकी कपड्यातला माणूस आत वाकलेला, आणि चौकटीच्या कडेला दुसऱ्या माणसाची बाही. मामा म्हणाला, "हा आमचा फिटर दिसतोय. गाडी बंद पडलेली आहे. दाजी इथे काय करत होते?"

मी आईला फोनवर काही सांगितलं नाही. समोरासमोर दाखवायचं ठरवलं.

मधे २७ डिसेंबरला आणिक आगारातल्या बेस्टच्या संग्रहालयात जाऊन आले. जाण्याचं कारण असं की मामाच्या सांगण्यातल्या काही गोष्टी मला डोळ्यांनी बघून घ्यायच्या होत्या. तिकीट नाही. मी फाटकावर नोंदवहीत नाव, फोन आणि येण्याचं कारण लिहिलं. सोबत छापलेले फोटो होते त्याचा उपयोग झाला, कारण ते बघून तिथल्या माणसांनी आपणहून गोष्टी सांगितल्या. तिकिटांचा डबा, भोक पाडायचा पंच, जुन्या बस आणि ट्रामच्या छोट्या प्रतिकृती तिथे आहेत. मुंबईत बस सुरू झाली १५ जुलै १९२६ ला, अफगाण चर्च ते क्रॉफर्ड मार्केट. डबलडेकर आली १९३७ मध्ये. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला बेस्टकडे जवळपास ९०० डबलडेकर होत्या, म्हणजे बाबा त्यांच्या भर काळात तिथे कॅमेरा घेऊन उभे होते. जुन्या डिझेलच्या डबलडेकरची शेवटची फेरी १५ सप्टेंबर २०२३ ला झाली. त्या दिवशी मी पुण्यात बातमी वाचली होती आणि पुढच्या कामाला लागले होते. माळ्यावर काय आहे ते तेव्हा माहीत नव्हतं.

८ फेब्रुवारी २०२५, शनिवार. आईला घेऊन मुंबईला गेले. ती ७६ वर्षांची, गुडघे दुखतात, पण डबलडेकर म्हटल्यावर तयार झाली. सीएसएमटीहून एनसीपीएला जाणारी ए-११५ पकडली. ही नवी विजेवर चालणारी, एसी असलेली डबलडेकर. तिकीट ६ रुपये. (९ मे २०२५ पासून एसीचं किमान भाडं १२ रुपये झालं, जाणाऱ्यांनी लक्षात ठेवा.) आईला जिना चढायला वेळ लागला, कंडक्टरनं ती बसेपर्यंत गाडी सोडू दिली नाही. वरच्या मजल्यावर पुढची जागा मिळाली. खिडक्या बंद, त्यामुळे वारा लागत नाही. आई काचेला हात लावून बसली होती. म्हणाली, "तेव्हा इथं वारं यायचं. तुझे बाबा वर बसायचेच नाहीत, खाली ड्रायव्हरच्या मागं उभे राहायचे."

एनसीपीएहून टॅक्सीनं गेटवेला गेलो. समुद्राच्या बाजूला जरा सावली बघून बसलो आणि मी पिशवीतून फोटो काढले. तेरा. मग चौदा ते एकवीस, एकेक करून. मग बावीस. आईनं ते मांडीवर पत्त्यांसारखे लावले. मी म्हटलं, "आई, बाबा हरवले नव्हते गं."

"मला माहीत होतं की," आई म्हणाली.

मला काय बोलावं कळेना.

"अगं, परत आले तेव्हा रुमाल काळाकुट्ट. ग्रीस. नखांतसुद्धा. हरवलेल्या माणसाचे हात कशाला काळे होतील?" एकोणिसावा फोटो तिनं डोळ्यांजवळ नेला. बाहीवर बोट ठेवलं. "ही बाही त्यांचीच. हा चौकड्याचा शर्ट मीच शिवून घेतला होता त्या दिवाळीला. बंद पडलेली गाडी टाकून येणारा माणूस नव्हता तो."

"मग तू रागावली होतीस ती?"

"खोटं बोलले म्हणून. गाडी दुरुस्त करत होतो म्हणाले असते तर काय झालं असतं? मी काय लाँचला भुलले होते होय?" थोडा वेळ ती समुद्राकडे बघत होती. मग म्हणाली, "तो रुमाल मी सोड्यात तीनदा उकळला. डाग गेला नाही. तसाच वापरत होते."

राहिलं होतं ते कागदपत्रांचं काम. बसचे फोटो सगळ्यांना बघता यावेत, वापरता यावेत असं मला वाटत होतं, म्हणून ते विकिमीडिया कॉमन्सवर, म्हणजे विकिपीडियाच्या मोफत चित्रसंग्रहावर चढवायचं ठरवलं. फोटो बाबांनी काढलेले, तेव्हा हक्क त्यांचा. आपल्याकडे २०१२ च्या कायदादुरुस्तीनंतर फोटोंनाही काढणाऱ्याच्या हयातीनंतर ६० वर्षं संरक्षण आहे. म्हणजे आता हक्क वारसांकडे: आई, मी, भाऊ. डबा मला सापडला म्हणून मी एकटीनं ठरवणं बरोबर नव्हतं. साध्या कागदावर संमतीपत्र केलं, कोणत्या ३१ चौकटी, कोणता परवाना, आणि कुणीही नाव देऊन वापरू शकेल याचा अर्थ काय, हे मराठीत लिहिलं. भाऊ दुबईत, त्यानं सही करून स्कॅन पाठवायला दोन आठवडे घेतले. परवानगीचा ईमेल पाठवल्यावर एकदा शंका विचारणारं उत्तर आलं, छायाचित्रकाराशी नातं काय ते नीट लिहा म्हणून. सगळं मार्गी लागेपर्यंत एप्रिल उजाडला. घरच्या माणसांचे आणि ओळखू येतील असे इतरांचे चेहरे असलेले फोटो मी चढवले नाहीत. ते घरातच आहेत, मूळ निगेटिव्हसोबत, सिलिका जेल घातलेल्या हवाबंद डब्यात, दुसऱ्या मजल्यावर.

ओळी लिहिताना ठिकाणांच्या नावांचा घोळ होतो. मी फोटोतल्या पाटीवर जे आहे तेच आधी लिहिलं, बोरीबंदर तर बोरीबंदर, आणि पुढे आजचं नाव. मामानं सांगितलेल्या प्रत्येक गोष्टीपुढे 'माजी कंडक्टरच्या आठवणीनुसार' असं जोडलं.

आई संमतीपत्रावर सही करताना थांबली होती. तिची एक अट होती. ती मी पाळली. एकोणिसाव्या चौकटीखाली आता असं आहे: 'इलेक्ट्रिक हाउस, कुलाबा, मुंबई. ऑक्टोबर-नोव्हेंबर १९८७. बंद पडलेली डबलडेकर. डावीकडची बाही छायाचित्रकाराची. ते रस्ता चुकले नव्हते.'